जखमा भरण्यावर संशोधन करायचंय, काम मात्र कॅज्युअल्टीत. सुरुवात कशी करावी?

टाकादोरा
नमस्कार. एमएस जनरल सर्जरी करून सध्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असिस्टंट प्रोफेसर आहे. कॅज्युअल्टीत येणाऱ्या जखमा हाच रोजचा विषय: अपघातात सोलवटलेले पाय, मधुमेहींचे कुजलेले तळवे, सर्पदंशानंतर सडलेली कातडी, नेक्रोटायझिंग फॅसायटिस (कातडीखालचे थर झपाट्याने सडवणारा जंतुसंसर्ग). पुढची दहा-पंधरा वर्षं याच विषयात सलग काम करायचं आहे. उंदरांवर करावं की रुग्णांवर? जखम भरली हे कसं मोजायचं, म्हणजे रिव्ह्यूअरपुढे टिकेल? धावपळीत संमती आणि रँडमायझेशन (कोणता रुग्ण कोणत्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणं) कसं साधतात? आणि वॉल सक्शनवर (वॉर्डच्या भिंतीतल्या शोषण-नळीवर) लावलेल्या व्हॅकची (जखमेवर फोम ठेवून उणे दाबाने स्राव ओढणाऱ्या ड्रेसिंगची) चाचणी घेण्यात अर्थ आहे का?

क्षतचिकित्सा
सर, मोजमापापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं राहतं. ‘ग्रॅन्युलेशन छान आलं’ (जखमेत लाल दाणेदार नवं मांस भरलं) हे निरीक्षण झालं, मोजमाप नव्हे. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) २००६ साली दिलेली व्याख्या धरा: पूर्ण कातडी आलेली, स्राव नाही, ड्रेसिंगची गरज नाही, आणि दोन आठवड्यांच्या अंतराने झालेल्या दोन सलग तपासण्यांत हेच चित्र. दुसरी तपासणी टाळली की खपलीखाली ओली असलेली जखमही ‘भरली’ या रकान्यात जाते.

क्षेत्रफळासाठी लांबी गुणिले रुंदी केली तर आकडा फुगतो. जखम साधारण लंबगोल असेल तर त्या गुणाकाराला ०.७८५ ने गुणा. आकार वेडावाकडा असेल तर निर्जंतुक पारदर्शक फिल्मवर कड आखून घ्या, किंवा फोटो काढून इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मोजा. फोटोत जखमेच्याच पातळीवर मोजपट्टी हवी, कॅमेरा काटकोनात हवा, आणि फ्रेममध्ये रुग्णाचा अभ्यास क्रमांक हवा, नाव नको. पिंडरी किंवा टाचेसारख्या गोलाकार भागावर फोटोतलं क्षेत्रफळ खऱ्यापेक्षा कमी येतं, तिथे फिल्मच बरी.

सगळ्यात जास्त घोळ पहिल्या मापात होतो. डिब्राइडमेंटनंतर (मृत भाग कापून काढल्यावर) जखम मोठी होते. एका गटात आधी आणि दुसऱ्यात नंतर मोजलंत, तर कोणतंही औषध न वापरता फरक दिसेल. म्हणून पहिलं माप नेहमी शेवटच्या मोठ्या डिब्राइडमेंटनंतर, ड्रेसिंग बांधण्याआधी घ्या आणि हे प्रोटोकॉलमध्ये लिहून ठेवा.

टक्केवारीतही एक सापळा आहे. लहान जखम टक्क्यांत झपाट्याने भरल्यासारखी दिसते, मोठी रेंगाळल्यासारखी, जरी कड दोन्हीकडे सारख्याच वेगाने आत सरकत असली तरी. त्यावर गिलमनची रीत चांगली: क्षेत्रफळातली घट भागिले सरासरी परिघ. उत्तर मिलिमीटरमध्ये येतं आणि कड किती आत आली ते थेट कळतं. मधुमेही पायाच्या जखमेत चौथ्या आठवड्यापर्यंत क्षेत्रफळ निम्म्याने घटलं नाही तर बाराव्या आठवड्यापर्यंत ती भरण्याची शक्यता बरीच कमी असते. ही खूण मधल्या टप्प्यासाठी वापरा, मुख्य निष्कर्ष मात्र बाराव्या आठवड्यावरच ठेवा.

मधुमेही पायांवर ड्रेसिंगची तुलना करणार असाल तर आधी पायावरचा भार काढण्याची पद्धत दोन्ही गटांत एकच ठरवा. १० ग्रॅम मोनोफिलामेंटची (पायाची संवेदना पाहायच्या नायलॉन तारेची) तपासणी आणि घोटा-दंड रक्तदाबाचं गुणोत्तर प्रत्येकाचं नोंदवा. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हे गुणोत्तर खोटं वर जातं, १.३ च्या वर आलं तर पायाच्या बोटाचा दाब घ्या. हे केलं नाही तर तुमची चाचणी ड्रेसिंगची राहत नाही, चपलेची आणि रक्तवाहिन्यांची होते.

गोल्डन_अवर
मी कॅज्युअल्टीच्या बाजूने लिहितो.

बेशुद्ध किंवा शॉकमधल्या रुग्णासाठी कायदेशीर प्रतिनिधीची संमती घ्या आणि रुग्ण शुद्धीवर आल्यावर त्याची स्वतःची पुन्हा घ्या. दोन्हींची वेळ आणि तारीख केसपेपरवर असू द्या. निरक्षर असेल तर अंगठ्यासोबत निःपक्ष साक्षीदाराची सही लागते. युनिटमधला रेसिडेंट हा निःपक्ष साक्षीदार नव्हे. पत्रक मराठीत असावं, शिवाय तुमच्याकडे हिंदी, उर्दू किंवा कन्नड बोलणारे रुग्ण येत असतील तर त्या भाषांतही. एमएलसी (पोलिसांत नोंद होणारी केस) असेल तर अभ्यासाचे फोटो आणि नोंदी पोलिसी कागदांपासून वेगळ्या, सांकेतिक क्रमांकाखाली ठेवा.

एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआयवरची (भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतली) नोंदणी, दोन्ही पहिला रुग्ण घेण्याआधी. सीटीआरआयला पैसे लागत नाहीत, पण त्यांच्या शंकांना उत्तरं देण्यात वेळ जातो, तो वेळापत्रकात धरा. एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही.

रँडमायझेशनसाठी जाड, अपारदर्शक, क्रमांक घातलेली सीलबंद पाकिटं चालतात. यादी सर्जरी विभागाबाहेरच्या माणसाने करावी, ब्लॉकचा (दोन्ही गट समसमान राहावेत म्हणून यादीच्या केलेल्या छोट्या तुकड्यांचा) आकार बदलता ठेवावा आणि मधुमेह आहे-नाही यानुसार दोन वेगळे संच असावेत. पाकीट फोडण्याआधी त्यावर रुग्णाचा क्रमांक आणि वेळ लिहायची. हा नियम मोडला की आवडतं ड्रेसिंग आवडत्या रुग्णाला मिळू लागतं. सम-विषम तारखा किंवा युनिटचे दिवस ही पद्धत वापरूच नका, कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार हे सगळ्यांना आधीच कळतं.

क्रॅश-२ चाचणी नीट अभ्यासा. अपघातातल्या जखमींना रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, १० मिनिटांत १ ग्रॅम आणि नंतर ८ तासांत १ ग्रॅम. ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांत २०,२११ रुग्ण, भारतातलेही खूप. हे जमलं कारण औषधाचे डबे आधीच क्रमांक घालून तयार होते, फॉर्म छोटे होते आणि मुख्य निष्कर्ष रुग्णालयातच, चार आठवड्यांच्या आत मिळत होता. औषध तीन तासांनंतर दिलं तर फायदा जातो, उलट रक्तस्रावाने होणारे मृत्यू वाढतात, हेही याच आकड्यांतून पुढे आलं. इजेची वेळ नीट नोंदवली होती म्हणून ते दिसू शकलं. तुमच्या फॉर्मवर ‘रुग्णालयात आल्याची वेळ’ आणि ‘इजेची वेळ’ हे दोन वेगळे रकाने हवेतच.

जखमेच्या अभ्यासाला मात्र एवढ्यावर भागत नाही. जखम कॅज्युअल्टीत सुरू होते, उत्तर तीन महिन्यांनी मिळतं, आणि मधल्या काळात रुग्ण गावी जातो. उदाहरण म्हणून, एका गटात ४० टक्के आणि दुसऱ्यात ६० टक्के जखमा भरतील असं धरलं, तर ८० टक्के पॉवरसाठी (फरक खरा असेल तर तो सापडण्याच्या शक्यतेसाठी) प्रत्येक गटात साधारण ९७ रुग्ण लागतात. २० टक्के रुग्ण परत येणार नाहीत असं धरलं की आकडा १२० च्या वर जातो. आणि परत न येणारे रुग्ण दोन्ही गटांत सारखे नसतात: बरे झालेलेही येत नाहीत आणि पाय गमावलेलेही येत नाहीत. त्यामुळे दोन नातेवाइकांचे फोन नंबर, गावच्या आशाताईंचा नंबर आणि प्रवासखर्चाची तरतूद हे प्रोटोकॉलचे भाग समजा. माझ्या मते बजेटमधला पहिला पगार फॉलोअपच्या माणसाचा असावा, यंत्र नंतर.

टाकादोरा
खूप उपयोगी माहिती, दोघांचेही आभार. प्राण्यांवरच्या कामाबद्दल आणि व्हॅकबद्दलही कुणी लिहावं.

पेशीजाल
उंदराची जखम मुख्यतः आकसून भरते, कारण त्याच्या कातडीखाली पॅनिक्युलस कार्नोसस हा पातळ स्नायू असतो. माणसात मात्र ग्रॅन्युलेशन आणि कडेने सरकणारी कातडी यांचा वाटा मोठा. त्यामुळे उंदरावर काम करायचं तर जखमेभोवती सिलिकॉनची रिंग टाक्यांनी बसवून आकसणं रोखावं लागतं. रिंग सुटली तर तो प्राणी विश्लेषणात धरायचा की वगळायचा, हे आधी ठरवा. डुकराची कातडी आपल्या जवळची. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवरच दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर कातडी उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने येते. पण डुकरं सांभाळायचा खर्च आणि परवानग्या पाहता सर्जनने एकट्याने त्या वाटेला जाऊ नये. फार्माकॉलॉजी विभागाशी भागीदारी करा.

प्राण्यांवरचा निष्कर्ष किती लांब ओढला जातो याचं उदाहरण म्हणजे डिब्राइडमेंटचा ‘सहा तासांचा नियम’. त्याचं मूळ फ्रीडरिश यांच्या १८९८ सालच्या गिनीपिगवरच्या प्रयोगांत आहे, प्रतिजैविकं येण्याआधीचं. आजच्या उघड्या फ्रॅक्चरमध्ये सहा तासांची अशी ठाम रेघ सिद्ध होत नाही. प्रतिजैविक लवकर मिळणं आणि डिब्राइडमेंट पुरेसं होणं याला जास्त वजन आहे. तुमच्या नोंदींतून तपासण्यासारखा हा खरा प्रश्न आहे: पहिला डोस इजेनंतर किती मिनिटांनी मिळाला?

सक्शन_१२५
व्हॅकबद्दल. आर्जेंटा आणि मॉरिक्वास यांच्या १९९७ च्या कामापासून उणे १२५ मिमी पारा हा दाब रूढ झाला. वॉल सक्शनवर करताना निर्जंतुक पॉलियुरेथेन फोम, त्यात छिद्रं पाडलेली रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी), वर चिकट ड्रेप आणि मध्ये रेग्युलेटर. रेग्युलेटरशिवाय लावूच नका, भिंतीतला दाब याच्या कितीतरी पट असतो. ट्यूब थेट कातडीवर टेकली तर तिथे दाबाने व्रण होतो. ड्रेप चिकटण्यासाठी कडेची कातडी कोरडी हवी. ४८ ते ७२ तासांनी बदल. सक्शन दिवसात दोन तासांहून जास्त बंद राहिलं तर फोम काढून साधं ड्रेसिंग करा, नाहीतर बंद पिशवीत जंतू वाढतात. उघडी रक्तवाहिनी, काळी मृत कातडी, कर्करोगाची जखम, उपचार न झालेला हाडाचा संसर्ग यांवर लावायचं नाही. बाटलीत अचानक लाल रक्त भरू लागलं तर आधी सक्शन बंद, मग फोन.

चाचणीला अर्थ आहे, पण प्रश्न नेमका हवा. ब्रिटनमधल्या वुल्फ चाचणीत पायाच्या गंभीर उघड्या फ्रॅक्चरच्या ४६० रुग्णांत १२ महिन्यांनी व्हॅक आणि साधं ड्रेसिंग यांत अपंगत्वाचा फरक दिसला नाही, आणि खोल संसर्गातही नाही. त्यामुळे ‘व्हॅक चांगलं का’ हे पुन्हा विचारू नका. वॉल सक्शनचं व्हॅक यंत्राच्या व्हॅकपेक्षा वाईट नाही ना, हे नॉन-इन्फिरिऑरिटी पद्धतीने विचारा, आणि दर शिफ्टला सिस्टरकडून तीन नोंदी घ्या: दाब, सक्शन बंद असलेली मिनिटं, गळती. या नोंदी नसतील तर फरक न दिसण्याचा अर्थ लावताच येत नाही, कारण रात्रभर सक्शन चालू होतं की नाही हेच माहीत नसतं.

क्षतचिकित्सा
क्रमाबद्दल थोडं. पहिल्या वर्षी चाचणी सुरू करू नका, जखमांची रजिस्ट्री (येणाऱ्या प्रत्येक जखमेची ठरावीक रकान्यांची नोंदवही) सुरू करा. २५-३० रकाने पुरेत. त्याहून जास्त ठेवले की रात्रपाळीत रिकामे राहतात. मुंबई, दिल्ली आणि कोलकात्यातल्या सार्वजनिक रुग्णालयांनी २०१३ पासून टिटको ही ट्रॉमा रजिस्ट्री चालवली. त्यात नोंदी करायला रेसिडेंट नव्हते, स्वतंत्र माणसं नेमली होती. सोबत चेन्नईच्या एनआयईचा (राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा) बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाइन कोर्स पुरा करा.

दुसरा टप्पा म्हणून कुणाच्या तरी बहुकेंद्री चाचणीत एक केंद्र व्हा. चीता चाचणी पाहा: भारतासह सात देश, १३,३०१ रुग्ण, पोटाच्या आकस्मिक आणि नियोजित शस्त्रक्रिया. पोट बंद करण्याआधी हातमोजे आणि उपकरणं बदलली, एवढ्याने जखमेचा संसर्ग १८.९ वरून १६.० टक्क्यांवर आला. त्याआधीच्या फाल्कन चाचणीत महाग टाके आणि क्लोरहेक्सिडीन (कातडी पुसायचं जंतुनाशक) यांनी फरक पडला नव्हता. दोन्हीकडे ३० दिवसांचा पाठपुरावा होता. असं केंद्र चालवलं की मॉनिटरिंग, प्रतिकूल घटनांची नोंद आणि डेटा क्वेरी (भरलेल्या माहितीबद्दल आलेल्या शंका) हे सगळं हाताखालून जातं. स्वतःची चाचणी त्यानंतर, आणि शक्य तर शेजारच्या दोन महाविद्यालयांना घेऊन, कारण एका केंद्रात गटामागे १२० रुग्ण जमेपर्यंत रेसिडेंटच्या दोन बॅचेस बाहेर पडलेल्या असतात. तुमच्याकडे महिन्याला मधुमेही पायाच्या किती जखमा येतात आणि त्यातल्या किती जणांचा पत्ता ५० किलोमीटरच्या आतला आहे? हे दोन आकडे इथे टाकलेत तर किती केंद्रं लागतील याचा हिशेब मांडता येईल.