घरपट्टी वाढीची नोटीस आली: मतदान नाही, मग जनतेचं म्हणणं कुठं नोंदवायचं?

गोदाकाठ_परभणी:
आमच्या नगरपरिषदेने चतुर्थ वार्षिक कर आकारणीची यादी लावलीय. जुनं माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) घर, आकारणी दुपटीच्या वर गेली. अमेरिकेत कर वाढवायला लोकांचं मत घेतात म्हणे, तसं आपल्याकडं काही आहे का? गल्लीतले 150 सह्यांचं निवेदन देऊ म्हणतायत.

हरकतदार:
मतदान नाही. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात कलम 119 ची हरकत आहे. जाहीर नोटिशीनंतर किमान 30 दिवस मिळतात. आकारणी वाढली असेल किंवा मालमत्ता पहिल्यांदाच यादीत आली असेल तर मालकाला वेगळी नोटीस द्यावी लागते.

निवेदन खुशाल द्या, पण त्यावर विसंबू नका. सुनावणी मालमत्तानिहाय होते, म्हणून प्रत्येकाने आपल्या मालमत्ता क्रमांकावर स्वतंत्र लेखी अर्ज द्यायचा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्याच. मुदतीत हरकत नसेल तर पुढं अपील टिकत नाही, शिवाय अपिलाआधी मागणीची रक्कम भरावी लागते.

आणि ‘कर परवडत नाही’ एवढंच लिहिलं तर अर्ज बाद समजा. सुनावणीतला अधिकारी मूल्यांकन तपासतो, कराचा दर त्याच्या हातात नसतो. दराचं भांडण ठराव आणि नियमांचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हाच करायचं, पण तेव्हा कुणी फिरकत नाही.

टेप_आणि_वही:
आधी यादीचा उतारा घ्या आणि बांधकामाचा प्रकार बघा. माळवद किंवा पत्र्याचं घर आरसीसीत धरलं की दरच बदलतो. मग क्षेत्रफळ. 20 बाय 30 फुटांचं घर म्हणजे 600 चौ. फूट, 10.764 ने भागा, 55.74 चौ. मी. यादीत 70-75 दिसलं तर अंगणातला गोठा नाहीतर जिना धरलाय का बघा. वापरही तपासा: यादीत कधी बंद पडलेलं दुकान चुकून वाणिज्यच राहिलेलं असतं, स्वतः राहता ते घर भाड्याचं दिसतं. वार्षिक भाडेमूल्यातून (घर भाड्यानं दिलं तर वर्षाला येईल असं धरलेलं भाडं) दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा झालेत ना, तेही बघा. सोबत मंजूर नकाशा, जुनी पावती आणि छताचे फोटो जोडा. छत दिसलं पाहिजे, नुसता दर्शनी भाग नको.

सीना_तेरणा:
अमेरिकेचं म्हणाल तर सगळीकडं एक नियम नाही. कॅलिफोर्नियात 1996 च्या प्रस्ताव 218 नुसार स्थानिक सर्वसाधारण कराला मतदारांचं साधं बहुमत लागतं. पाणीपट्टीसारख्या आकाराला मतदान लागत नाही. 45 दिवस आधी टपालाने नोटीस, मग सुनावणी, आणि निम्म्याहून जास्त मालमत्तांकडून लेखी विरोध आला तर वाढ रद्द. तिथं विरोध मोजतात. आपल्याकडं हरकतीत कारण बघतात, त्यामुळं 150 सह्यांपेक्षा मापं बरोबर असलेला एक अर्ज जड.

गोदाकाठ_परभणी:
गावाकडचं घर ग्रामपंचायतीत आहे. तिथं?

हरकतदार:
तिथं नमुना 8 ची (ग्रामपंचायतीच्या कर आकारणी यादीची) नक्कल काढा, बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ, वापर तसाच तपासा, हरकत ग्रामपंचायतीकडं. आकारणी मान्य नसेल तर अपील पंचायत समितीकडं.