टेहळणी पथकांचे वाघपट्टी कपडे आणि शत्रूची रायफल : गरज की हौस?

रानवाट

व्हिएतनाम युद्धातील अमेरिकी लष्कराच्या लांब पल्ल्याच्या टेहळणी पथकांची छायाचित्रे पाहताना नजर हटकून दोन गोष्टींवर जाते : वाघाच्या पट्ट्यांसारख्या नक्षीचे कपडे आणि सर्वांत पुढे चालणाऱ्या जवानाच्या हातातील, शत्रूकडून मिळवलेली एके-४७. या दोहोंचे जे कौतुक ऐकू येते ते मला अवाजवी वाटते. शत्रूच्या मुलखात उतरवलेल्या पाच-सहा जणांना जिवंत परत आणण्यात यांचा वाटा थोडा आणि हौसेचा भाग मोठा होता, असे माझे मत आहे.

वाघपट्टीचे कापड मुळात दक्षिण व्हिएतनामच्या मरीन दलाचे होते. अमेरिकी सैनिकांसाठी ते कधीच सरसकट सरकारी पुरवठ्याचा भाग नव्हते आणि पुष्कळ जवानांनी ते स्थानिक शिंप्यांकडून शिवून घेतले. पानांच्या नक्षीचे जे अधिकृत छद्मावरण होते, त्याची रचना १९४८ सालीच झाली होती, आणि १९६७च्या सुमारास त्याचे कपडे टेहळणी पथकांपर्यंत पोहोचू लागले होते. पावसाने आणि घामाने भिजल्यावर, चिखलाने माखल्यावर, दाट जंगलाच्या सावलीत या दोन कापडांत कितीसा फरक उरतो? पथकाला खऱ्या अर्थाने तारणारी वस्तू म्हणजे पाठीवरचा पीआरसी-२५ हा बिनतारी संच. बॅटरीसह त्याचे वजन साडेदहा किलोंच्या घरात होते. पण डोंगरमाथ्यावरच्या संपर्क ठाण्यामार्फत तोफखाना आणि हेलिकॉप्टर मागवता येत होते ते त्याच्याच जोरावर.

एके-४७ विषयी माझा आक्षेप याहून गंभीर आहे. चकमकीत पथक विखुरले, तर कोणती रायफल आपली आणि कोणती शत्रूची हे झाडीत केवळ आवाजावरूनच ओळखावे लागते, आणि मदतीला येणाऱ्या हेलिकॉप्टरमधील नेमबाजाला तर खाली एके-४७ घेतलेला माणूस दिसला की तो शत्रूच वाटणार.

काडतूस

आपले विवेचन मैदानावर बसून केल्यासारखे वाटते. वाटेच्या वळणावर दोन माणसे दहा पावलांवर समोरासमोर येतात, तेव्हा पहिली गोळी कोण झाडतो यावर सगळे ठरते. समोरच्याला ओळखीच्या आकाराची रायफल दिसली आणि तो क्षणभर अडखळला, तर तो क्षण आघाडीच्या जवानाला पुरेसा असतो. त्यात एके-४७ च्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या. त्या काळी अमेरिकी जवानांच्या एम-१६ रायफलीचे प्रचलित मॅगझिन २० गोळ्यांचे, आणि स्प्रिंगवर ताण नको म्हणून अनेक जवान त्यात १८ च भरत असत.

शिवाय एम-१६ वरचा अविश्वास निराधार नव्हता. काडतुसातील दारूचा प्रकार बदलला गेला, गोळी जिथे बसते त्या पोकळीला क्रोमचा मुलामा नव्हता, आणि साफसफाईचे साहित्यही पुरेसे दिले गेले नाही. त्यामुळे ऐन चकमकीत रायफली अडकल्या. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीला, इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली, या प्रकरणाची चौकशी करावी लागली. हे ज्याने पाहिले, त्याने दुसरी रायफल उचलली तर त्याला हौस म्हणणे अन्यायाचे आहे.

लाओसमध्ये जाणाऱ्या एसओजी या गुप्त अमेरिकी यंत्रणेच्या पथकांचे तर विचारूच नका. तिथे अमेरिकी सैनिक अधिकृतपणे नव्हतेच, त्यामुळे खूण सांगेल असा कपडा किंवा बिल्ला अंगावर असणे परवडणारे नव्हते.

रानवाट

एसओजी ही १९६४ साली उभी राहिलेली गुप्त यंत्रणा होती, आणि सीमापार कारवायांमुळे तिची गरज निराळी होती हे मला मान्य आहे. मी बोलतो आहे ते डिव्हिजन आणि ब्रिगेडच्या टेहळणी पथकांविषयी, म्हणजे १९६९ च्या सुरुवातीला ज्यांना ७५व्या इन्फन्ट्रीच्या रेंजर कंपन्या असे नाव मिळाले त्यांच्याविषयी. एम-१६ च्या पोकळीला पुढे क्रोमचा मुलामा मिळाला आणि दारूचीही दुरुस्ती झाली, तरी एके-४७ ची मिजास काही उतरली नाही.

गोळ्यांची संख्या काढलीच आहे, तर वजनही मोजू. एम-१६ चे भरलेले मॅगझिन साधारण ३२५ ग्रॅमचे, तर एके-४७ चे लोखंडी मॅगझिन आठशे ग्रॅमहून अधिक. ३०० गोळ्या न्यायच्या तर पहिल्या रायफलीसाठी पाच किलोंच्या आत भागते. दुसरीसाठी आठ किलोंच्या वर जाते. त्या तीन किलोंवरच्या फरकात दोन क्लेमोर सुरुंग बसले असते, कारण एका सुरुंगाचे वजन १.६ किलो. रात्रीच्या मुक्कामाभोवती मांडलेला प्रत्येक क्लेमोर सुमारे ७०० पोलादी गोळ्या ६० अंशांच्या पट्ट्यात फेकतो. आघाडीच्या जवानाच्या एका क्षणापेक्षा मला हा सौदा बरा वाटतो.

पाणवठा

दोघांच्याही बोलण्यात ऑस्ट्रेलियाच्या एसएएस या विशेष दलाचा उल्लेख नाही, याचे आश्चर्य वाटले. फुओक तुय प्रांतात, नुई दात येथील तळावरून १९६६ पासून त्यांच्या पाच-सहा जणांच्या गस्ती निघत होत्या. त्यांच्यातील काहींनी शत्रूची रायफल न घेता आपल्याच एल१ए१ रायफलीची नळी कापून आखूड केली आणि ती सलग गोळीबार करील अशी व्यवस्था केली. ७.६२ मिलिमीटरच्या पूर्ण ताकदीच्या काडतुसाला आखूड नळी दिली, की ज्वाळा आणि आवाज भयंकर होतो, रायफल हातात आवरत नाही, नेम तर जवळजवळ सुटतोच. पण हेतू नेमाचा नव्हता. मोजक्या माणसांची टोळी पहिल्या काही सेकंदांत मोठ्या तुकडीसारखी भासावी, शत्रू जमिनीला चिकटावा आणि तेवढ्यात आपण मागे सरकावे, एवढेच साधायचे होते. फसवणूक आवाजानेही करता येते, आणि त्यासाठी शत्रूचे शस्त्र लागत नाही.

त्यामुळे "सरकारी की बिनसरकारी" या प्रश्नातच मला अर्थ दिसत नाही. हत्यारात फेरफार हवाच होता. तो कोणता, हा वादाचा विषय.

काडतूस

पाणवठा यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. कपड्यांविषयी मात्र मूळ लेखकांनी नक्षीवरच सारा भर दिला, आणि महत्त्वाचे बाजूला राहिले. पोलादी शिरस्त्राण कानांवर येते, बांबूला घासले की वाजते; म्हणून कापडी टोपी. बंदुकीच्या पट्ट्याच्या कड्या काढून टाकायच्या, गळ्यातल्या ओळखपट्ट्या चिकटपट्टीने जखडायच्या, हातबॉम्बच्या पिनाही तशाच. पाणी प्यायचे तर एकाच बाटलीतले सर्वांनी मिळून संपवायचे, म्हणजे अर्धवट बाटली चालताना डुचमळत नाही. जंगलबुटांना पाणी निघून जाण्यासाठी भोके होती आणि बांबूच्या सुळ्यांपासून बचावासाठी तळव्यात पोलादी पत्रा होता, पण त्याच बुटांचा ठसा चिखलात उमटला, की माग काढणाऱ्याला दुसरा पुरावा लागत नसे. ही सगळी काळजी घेणारा माणूस निव्वळ मिरवण्यासाठी वाघपट्टी घालतो, असे मला तरी वाटत नाही.

रानवाट

आवाज बंद करण्याची ही सारी शिस्त मी मानतो, आणि त्यात कापडाच्या नक्षीचा कुठेही संबंध येत नाही, हेच मी सुरुवातीपासून म्हणतो आहे. न्हा त्रांग येथे सप्टेंबर १९६६ मध्ये ५व्या स्पेशल फोर्सेस ग्रुपने सुरू केलेल्या रेकॉन्डो या टेहळणी-प्रशिक्षण प्रशालेतही नकाशावाचन, बिनतारी संपर्क, तोफखान्याचा मारा मागवणे अशा गोष्टींचा कस लागत असे, आणि शेवटची परीक्षा म्हणजे खरीखुरी गस्त.

एके-४७ बद्दल एक गोष्ट मुद्दाम राखून ठेवली होती. एसओजीनेच 'एल्डेस्ट सन' नावाची गुप्त मोहीम चालवली होती. तिच्यात एके-४७ च्या काडतुसांतील दारू काढून तीव्र स्फोटक भरले जात असे आणि अशी काडतुसे शत्रूच्या साठ्यांत मिसळली जात. ज्याच्या हाती ती लागतील, त्याच्या चेहऱ्यासमोरच रायफल फुटावी, अशी ही योजना. म्हणजे त्या काळात सापडलेली काडतुसे वापरणे हा जिवाशी खेळ होता.

काडतूस

खेळ खरा, पण धोक्याचे प्रमाण पाहा. एका पेटीत असे एखादेच काडतूस टाकले जात असे. खुद्द एसओजीची माणसे एके-४७ वापरत, पण आपली काडतुसे कुठून आली हे त्यांना ठाऊक असे.

पाणवठा

त्यांना ठाऊक होते, डिव्हिजनच्या जवानांना नव्हते. मोहीम गुप्त असल्याने सामान्य तुकड्यांना शत्रूच्या रायफली आणि दारूगोळा सदोष असल्याचे सांगून त्या वापरू नका, एवढीच ताकीद मिळत असे, आणि अशा ताकिदीकडे काणाडोळा करणारे प्रत्येक सैन्यात असतातच. रानवाट यांनी मिजाशीवर बोट ठेवले, ते मला इथे अपुरे वाटते. धोका काय आहे हे न सांगताच मनाई केली असेल, तर डिव्हिजनच्या जवानाने ती रायफल उचलली याचा दोष फक्त त्याच्या हौसेवर कसा टाकायचा?