बॅटरीतलं लिथियम आणि दादाच्या गोळीतलं लिथियम एकच का?

देवगडचा मिस्त्री

नमस्कार मंडळी. देवगडला माझं मोबाईल-इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान आहे. फुगलेल्या बॅटऱ्या रोजच हातातून जातात, प्रत्येकीवर 'लिथियम-आयन' छापलेलं. आणि रात्री जेवण झालं की आमचा दादा पाकिटातून गोळी काढतो, तिच्यावर 'लिथियम कार्बोनेट ३०० मिग्रॅ'. दिवसाला तीन, गेली नऊ वर्षं. त्याला बायपोलरचा आजार आहे, म्हणजे मन कधी उन्मादात चढतं, कधी पार खचतं. लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही, कारण पहिल्या खेपेला तो पाच रात्री न झोपता टॉर्च लावून बागेचा गडगा उपसून नव्याने रचत होता आणि अख्खी वाडी बघायला जमली होती. गोळ्या सुरू झाल्यापासून माणूस माणसात आहे.

मी एकदा नको ते बोलून गेलो, की गोळीत आणि बॅटरीत एकच वस्तू. तेव्हापासून आई मागे लागली आहे. "बॅटरीतला इख माझ्या झिलाच्या पोटात?"

पण विचारायचं आहे ते गेल्या मे महिन्यामुळे. आईला बीपी निघाला, मीठ कमी करा म्हणून सांगितलं. आमच्या घरात एक पथ्यावर म्हणजे सगळे पथ्यावर. आमटी आळणी, पेजेबरोबरचं लोणचं बंद, सुकट बंद. (बाग मिठमुंबरीला आणि घरात मीठ नाही, असा विनोदही मी केला होता.) दादा सकाळपासून आंबे उतरवायचा झेला घेऊन झाडावर, सदरा पिळावा असा घाम. त्यात गुडघा धरला, म्हणून एका दवाखान्यातून पेनकिलर आणली. दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का, हे त्यांनी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. आठवड्याभरात चहाचा कप बशीवर ठेवताना किणकिण वाजायला लागला. मग जुलाब, जीभ जड, चालताना झोक जायचा. शेजारी म्हणाले, प्यायला लागला वाटतं. कणकवलीला नेलं तर रक्तात लिथियम १.९. तीन दिवस सलाईनवर होता.

आता बरा आहे, गोळीही परत सुरू आहे. 'मीठ तोडू नका, पाणी प्या, लेव्हल काढत राहा' एवढं डॉक्टरांनी सांगितलं, पण ते का, हे आईला पटेल असं मला सांगता येत नाही. मिठाचा आणि ह्या गोळीचा काय संबंध? आणि वस्तू खरंच एकच का?

निवृत्त मास्तर, रत्नागिरी

मिस्त्री, मूलद्रव्य एकच. पण आईंना आधी सोडियमची गोष्ट सांगा. सोडियम धातूचा तुकडा पाण्यात टाकला की फुसफुसत पळतो, कधी पेट घेतो. मी दर वर्षी अकरावीला मटाराएवढा तुकडा टाकून दाखवायचो. एका वर्षी तुकडा मोठा झाला आणि काचेचं भांडं गेलं, ते पैसे पगारातून भरले. तोच सोडियम मिठात असतो आणि आपण तो चिमटीने आमटीत घालतो. अणूने बाहेरचा एक इलेक्ट्रॉन सोडला की तो आयन होतो आणि त्याचा स्वभाव पार बदलतो. लिथियमचं तेच. आवर्तसारणीत ते सोडियमच्या बरोबर वरच्या घरात बसतं. १८१७ मध्ये स्वीडनच्या आर्फवेडसनला ते एका खनिजात सापडलं, म्हणून ग्रीक भाषेतल्या 'दगडा'वरून नाव.

तुमच्या बॅटरीतलं खरं भिण्यासारखं म्हणजे आतलं पेट घेणारं द्रावण. फुगलेली बॅटरी टोचू नका, हे तुम्हाला मी काय सांगायचं. लिथियमचे आयन बिचारे आत फक्त ये-जा करतात. कोबाल्ट ऑक्साइडचे थर असतात, आंब्याच्या पेटीत पेंढ्याचे थर लावतो तसे. लिथियमचा आयन इतका बारका की थर न मोडता मधल्या फटीतून शिरतो आणि निघतो. चार्जिंगला लावलं की तिथून निघून पलीकडे ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतो, मोबाईल वापरला की परत घरी. कोबाल्ट ऑक्साइडची ही करामत १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत झाली. माणूस मूळचा घनस्थिती भौतिकीचा, म्हणजे माझ्या जातीचा, आणि प्रमुख होता रसायनाच्या प्रयोगशाळेचा. २०१९ मध्ये व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांच्याबरोबर नोबेल मिळालं तेव्हा वय ९७. मी पासष्टीला गुडघ्यांची तक्रार करतो.

तुमचा प्रश्न वाचून वहीत हिशेब मांडला. ३०० मिग्रॅच्या गोळीत नुसतं लिथियम साधारण ५६ मिग्रॅ, बाकी कार्बोनेट. दिवसाला तीन म्हणजे १७० च्या आसपास. ४००० एमएएचची बॅटरी पूर्ण चार्ज होते तेव्हा आत जवळपास एक ग्रॅम लिथियम इकडून तिकडे जातं. म्हणजे दादाचे सहा दिवस. आणि समुद्राच्या पाण्यातही लिथियम असतंच, लिटरला ०.१७ मिग्रॅ वगैरे. एका गोळीपुरतं गोळा करायचं तर देवगडच्या बंदरातून तीनशेहून जास्त लिटर पाणी उपसावं लागेल.

आंबेवाला७७

कशाला ही केमिकलं पोटात घालायची? नऊ वर्षं झाली ना, आता बंद करा. सकाळी अनवाणी चाला, मन शांत होतं.

रक्तवाली ताई, कुडाळ

आंबेवाले, अनवाणी तुम्ही चाला. लिथियम एकदम बंद केलं की आजार उसळून परत येतो, बऱ्याचदा आधीपेक्षा जोरात. दुसऱ्याच्या भावावर असले सल्ले देऊ नका.

मिस्त्री, मी लॅबमध्ये आहे, लिथियमची लेव्हल आमच्याकडे येते. मिठाचं असं आहे. किडनी रक्त गाळते आणि गाळलेल्यातलं बरंचसं सोडियम परत आत ओढून घेते. लिथियम सोडियमसारखंच, त्यामुळे तेही त्याच वाटेने परत ओढलं जातं. किडनीला दोघांतला फरक तिथे कळत नाही. जेवणातलं मीठ कमी झालं, घामातून गेलं, जुलाबातून गेलं, की किडनी कंजूष होते आणि मिळेल ते सोडियम धरून ठेवते. बरोबर लिथियमही धरून ठेवते. मासळी नसलेल्या दिवसांत जाळ्यात आलेलं कोणी परत पाण्यात फेकत नाही ना, तसं. तुमच्याकडे आळणी जेवण, मेचा घाम आणि पेनकिलर ही तिन्ही एकाच आठवड्यात जमली. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्यांनी लिथियम बाहेर पडणं आणखी मंदावतं. त्यातून जुलाब लागले की पाणी-मीठ अजून जातं आणि लेव्हल अजून चढते. सलाईनमध्ये काय असतं? मीठ आणि पाणीच.

उलटही लक्षात ठेवा. आईने घाबरून आता बरणीभर लोणचं वाढलं तर लेव्हल खाली येईल आणि गोळी पुरणार नाही. रोजचं होतं तेवढंच मीठ, ना कमी ना जास्त. आईसाठी वेगळी आमटी काढावी लागेल, दुसरा उपाय नाही. आणि आईच्या बीपीच्या गोळ्या कुठल्या ते दादाच्या डॉक्टरांना दाखवून ठेवा. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या आणि ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं त्या, ह्या लिथियमवाल्याची लेव्हल चढवतात. उद्या दादाला बीपी निघाला तर घरातलं पाकीट उचलून त्याला देऊ नका.

लेव्हल साधारण ०.६ ते १.० मध्ये ठेवतात, दीडच्या वर त्रास, दोनच्या वर जिवाशी खेळ. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. रात्री नऊला गोळी तर सकाळी नऊला नमुना, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त देऊन झाल्यावर. वर्षातून एक-दोनदा थायरॉइड आणि क्रिएटिनिनही (म्हणजे किडनीची तपासणी).

आता आमच्या धंद्यातली गोष्ट, ही तुम्हाला कोणी सांगणार नाही. हिरव्या टोपणाच्या काही नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून जे घातलेलं असतं तेच लिथियम हेपॅरिन असतं. त्यात नमुना घेतला तर नळीतलंच लिथियम मोजलं जातं आणि बरा माणूस कागदावर विषबाधेचा होतो. मी शिकाऊ असताना हे एकदा केलं आहे. रुग्ण समोर बसून मिसळ खात होता आणि रिपोर्टप्रमाणे तो बेशुद्ध असायला हवा होता. लाल टोपणाची साधी नळी मागा.

वाशिष्ठीकाठचा वाचक

ताईंनी मिठाचं सांगितलं त्यावरून. १९४९ साली दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. अमेरिकेत हृदयाच्या रुग्णांना मीठ वर्ज्य, म्हणून चवीला पर्याय म्हणून लिथियम क्लोराइड विकत होते. मीठ बंद, हृदय अशक्त आणि वर लिथियम, तेही हवं तेवढं भुरभुरायचं. माणसं दगावली आणि ते बाजारातून काढलं. म्हणजे मिस्त्रींच्या घरी मे महिन्यात जे झालं, ते तिथे घरोघर झालं होतं.

आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरने दहा उन्मादी रुग्णांवरचा अनुभव छापला. हा माणूस महायुद्धात साडेतीन वर्षं जपान्यांच्या कैदेत काढून आलेला. मेलबर्नजवळ बुंडूराच्या रुग्णालयातली वापरात नसलेली एक कोठीची खोली, हीच त्याची प्रयोगशाळा. उन्मादी माणसाच्या लघवीत काहीतरी विष असणार अशी त्याची समजूत, म्हणून गिनीपिगना तो लघवीत असणारं युरिक आम्ल टोचत होता. ते पाण्यात विरघळेना, म्हणून त्याचा लिथियमचा क्षार घेतला, कारण तो विरघळतो. बस, एवढ्यासाठी लिथियम आलं. तर गिनीपिग सुस्त पडले, उताणे केले तरी गप्प. मग आधी स्वतः घेऊन बघितलं आणि नंतर रुग्णांना दिलं. पहिला रुग्ण पाच वर्षं सतत उन्मादात होता, तो सुधारून जुन्या नोकरीवर गेला, औषध सोडलं आणि सहा महिन्यांत परत आला. पुढच्या वर्षी तो लिथियमच्या विषबाधेनेच गेला. त्या काळी केडकडे लेव्हल मोजायची सोय नव्हती. डेन्मार्कच्या मोगेन्स शू यांनी १९५४ पासून नीट तुलना करून चाचण्या केल्या, रक्तातली लेव्हल बघून डोस द्यायची शिस्त त्यातून बसत गेली. अमेरिकेत परवानगी यायला १९७० उजाडलं. ज्या कागदावर तुमचं १.९ आलं, तो कागद त्या पहिल्या रुग्णाच्या नशिबी नव्हता.

(कोठीच्या खोलीवरून आठवलं. आपल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनीही विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही बीपीची गोळी अशीच गावातल्या दवाखान्यात राहून, एकेका रुग्णाच्या उशाशी बसून वापरात आणली, आणि ते लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यावर वेगळा धागा काढायला हवा.)

देवगडचा मिस्त्री

उशिरा लिहितोय, पाऊस लागायच्या आत बागेची कामं उरकायची होती.

मास्तरांचं सोडियमचं आईला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे मिठाचो भाऊ म्हण ना! आधी कित्याक नाय सांगलंस?" आता दोन टोप चुलीवर असतात, तिच्या आमटीला वेगळी पळी. दादाच्या बाटलीत बागेवर जाताना आमसुलाचं पाणी, आणि मीठ ती स्वतः चमच्याने मोजून घालते.

मंगळवारी लेव्हलला गेलो. पोराने हिरव्या टोपणाची नळी काढली. मी म्हटलं, ह्यात लिथियम हेपॅरिन आहे का बघ. त्याने माझ्याकडे बघितलं, नळीवरचं वाचलं आणि गपचूप लाल काढली. ताई, तुम्हाला देवगडची एक पेटी लागू. ०.७ आलं.

संध्याकाळी दादा दुकानात आला होता. टेबलावर एक फुगलेली बॅटरी पडली होती, तिच्याकडे बघून मास्तरांचा हिशेब त्याला सांगितला.

"म्हणजे ह्येच्यात माझ्यो सा दिवसांच्यो गोळयो," म्हणाला. मग जरा वेळाने, "पण ह्येची लेव्हल स्क्रीनवर दिसता रे. माझी बघूक रक्त काढूक लागता."