ऑक्लुडर, कॉइल, फुगा : सगळ्यांना ‘अवरोधक’ म्हणावं का?

प्रश्न : रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. हृदयाच्या दोन कर्णिकांमधल्या पडद्याला छिद्र असलं, तर मांडीतल्या शिरेतून नळी सरकवून तिथे निटिनॉल या मिश्रधातूच्या जाळीचा ऑक्लुडर बसवतात. त्याला ‘अवरोधक’ हा शब्द सुचवला गेला आहे. याच पत्रकात मेंदूतल्या अॅन्युरिझममध्ये (रक्तवाहिनीच्या भिंतीला आलेल्या फुगवट्यात) भरायची प्लॅटिनमची कॉइल आहे, आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारा बाकरी फुगाही. तिन्हींना एकच शब्द चालेल का?

उत्तर : कृपया नको. ‘अवरोध’ म्हटलं की रुग्णाच्या डोळ्यांपुढे धमनीतला अडथळा येतो, म्हणजे आजारच. ‘तुमच्या हृदयात अवरोधक बसवला’ हे वाचून माणूस घाबरेल.

शिवाय कामं वेगळी आहेत. ऑक्लुडरच्या दोन चकत्या पडद्याला दोन्हीकडून धरतात, आणि काही महिन्यांत हृदयाचं अस्तर त्यांच्यावर वाढतं. हे सरळसरळ छिद्र बुजवणं. कॉइलची वेटोळी फुगवट्यात बसली की त्यांच्याभोवती रक्त गोठतं, आत नवं रक्त शिरत नाही. पण मूळ रक्तवाहिनी वाहती राहिलीच पाहिजे. तिथे ‘अवरोधक’ लिहिणं म्हणजे उलटा अर्थ देणं. बाकरी फुग्यात 500 मिलिलिटरपर्यंत सलाइन भरतात, तो गर्भाशयाच्या भिंतीवर आतून दाब देतो आणि साधारण दिवसभराच्या आत काढतात. म्हणून मी ‘छिद्र बुजवणारी चकती’, ‘पोकळी भरणारी कॉइल’ आणि ‘दाबफुगा’ असं लिहीन.

मराठी क्रियापदं इथे फार उपयोगी पडतात. नाक चोंदतं, नळी तुंबते, ते आपोआप होतं. छिद्र मात्र कुणीतरी बुजवतं. एम्बोलिझम (गुठळी वाहत येऊन रक्तवाहिनी अडणं) हा आजार आणि एम्बोलायझेशन (रक्तवाहिनी मुद्दाम बंद करणं) हा उपचार, ही जोडी तर एकाच ग्रीक मुळातून आली आहे. तिचं मराठी करताना हा फरक दाखवलाच पाहिजे.

दुसरं उत्तर : सहमत. ‘टॅम्पोनेड’लाही (बोळा किंवा दाब देऊन रक्तस्राव थांबवणं) जपा. फ्रेंच ‘टॅम्पॉन’ म्हणजे बोळा, आणि नाकातून रक्त येताना भरतात त्या गॉजला ‘बोळा’ शोभतो. आयुर्वेदात औषधात भिजवलेल्या कापसाला ‘पिचू’ असा शब्दही आहे. पण कार्डियाक टॅम्पोनेडमध्ये कोणतंच साधन नसतं. हृदयाभोवतीच्या आवरणात द्रव साठून हृदय दाबलं जातं. तिथे ‘हृदयदाब’ लिहिलंत तर लोक रक्तदाब समजतील. एका वाक्यात समजावून सांगा.

प्रश्नकर्ती : पटलं, तिन्ही शब्द घेते. आता एकच उरलं : डोळे कोरडे पडतात तेव्हा पापणीच्या कडेच्या बारीक छिद्रात बसवायचा पंक्टल प्लग. ‘अश्रुरोधक’?

उत्तर : त्यातून अश्रू येणंच थांबतं असं वाटेल. तो अश्रूंचा निचरा थांबवतो आणि ओलावा डोळ्यात टिकवतो. ‘अश्रुमार्गाचं बूच’ लिहा. लहान आहे, आणि लागलं तर काढता येतं हेही त्यात आलं.