सेप्टिक टँक उपसायच्या गाडीवर काम: घरचे नाक मुरडतात, पण शिकायचं नेमकं काय?

माणदेशी
धाकट्या भावाला सेप्टिक टँक उपसणाऱ्या गाडीवर ऑपरेटरचं काम मिळतंय. ट्रकवर ४,००० लिटरची टाकी आहे. चुलते म्हणतात, "शिकलेल्या पोराला गू उपसायला पाठवणार का?" आईला सोयरिकीची काळजी. मला एवढंच सांगा, जिवाला धोका नेमका कुठे असतो आणि रुजू होण्याआधी मालकाला काय विचारायचं?

कृष्णाकाठ
दादा, आधी सरळ विचारा: माणूस सेप्टिक टाकीत उतरतो का? "कधीमधी उतरावं लागतं" असं उत्तर आलं तर तिथलं काम नको. संरक्षक साधनं आणि खबरदारी नसताना माणसाला टाकीत उतरवणं हाताने मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी २ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

धोका असतो तो गॅसचा. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेलं की काही मिनिटांत नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. गॅस निघून गेला असं वाटून माणूस उतरतो आणि जागीच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. गाळणीचा मास्कसुद्धा कामाचा नाही, कारण आत मुळात ऑक्सिजनच कमी असतो.

त्यामुळे टाकीच्या दोन्ही कप्प्यांची झाकणं उघडायची, निदान अर्धा तास तशीच ठेवायची, जवळ विडी-काडी नाही. आत मिथेनही असतो. झाकणावर वाकून बघायचं नाही. गाडीवर गॅस डिटेक्टर आहे का, हा मालकाला दुसरा प्रश्न.

नळदुरुस्ती
कामातलं कसब लोकांना दिसत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

आधी गाळ मोजायचा. लांब बांबूच्या खालच्या टोकाला पांढरा टॉवेल गुंडाळून बांधायचा, तळाला टेकेपर्यंत हळू सोडायचा, दोन-तीन मिनिटांनी सरळ वर काढायचा. जिथपर्यंत टॉवेल काळाकुट्ट, तिथपर्यंत गाळ. वरची साय आणि खालचा गाळ मिळून पाण्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापर्यंत आले की टाकी उपसायला झाली.

मग साय बांबूने फोडायची. पाइपचं तोंड पहिल्या कप्प्यात तळाशी न्यायचं, गाळ तिथेच जास्त साचतो. वरवरचं पाणी ओढून गाडी भरली तर घरमालकाचे पैसे वाया जातात आणि गाळ तसाच राहतो. गाळ घट्ट असेल तर पंपाचा फोर-वे व्हॉल्व्ह फिरवून थोडं पाणी उलटं सोडायचं, गाळ ढवळायचा आणि पुन्हा ओढायचं. व्हॅक्यूम पंप ६–७ मीटरपेक्षा खोलवरून ओढत नाही. गाडीच्या टाकीच्या काचेवर नजर हवी. टाकी काठोकाठ भरली तर गाळ पंपात शिरतो आणि पंपाच्या पट्ट्या जातात.

पाइप तुंबतो तो सॅनिटरी पॅड आणि फडक्यांनी. खरा मोहाचा क्षण तो, "जरा उतरून हाताने काढ." उतरायचं नाही. लांब दांड्याचा आकडा गाडीत हवाच. तळाशी बोटभर गाळ राहू द्यायचा, त्यातल्या जिवाणूंवर टाकी पुन्हा चालू होते. आत ॲसिड-फिनेल ओतायचं नाही.

माणदेशी
पावसाळ्यात काम बंद ठेवतात का?

नळदुरुस्ती
बंद नाही, पण प्लास्टिकची टाकी भर पावसात पूर्ण रिकामी करू नका. बाहेर भूजल चढलेलं असतं, त्याच्या दाबाने ती वर उचलली जाते किंवा पिचते. उपसल्याबरोबर साधं पाणी भरायचं.

सांगलीकर_ताई
माणदेशी, भावाला रुजू होण्याआधी लशी द्या: धनुर्वात, टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि बी. हिपॅटायटिस बीचे तीन डोस असतात, पहिल्यानंतर एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. हाताला जखम असेल त्या दिवशी पाइपाला हात नाही. गमबूट, कोपरापर्यंत हातमोजे, चष्मा मालकाने द्यायचे. नगरपालिकेत 'नमस्ते' या सफाई कामगारांसाठीच्या केंद्राच्या योजनेत नोंदणी करून घ्या, त्यात साधनांचा संच आणि आयुष्मान कार्ड मिळतं.

मालकाला तिसरा प्रश्न: गाळ कुठे ओतता? नाला किंवा ओढा असं उत्तर असेल तर भाऊ अडचणीत येईल. प्रक्रिया केंद्राची पावती मिळायला हवी. वाई आणि सिन्नरमध्ये नगरपरिषदेने दर ३ वर्षांनी घरोघरच्या टाक्या वेळापत्रकाने उपसायची पद्धत लावली आहे. चुलत्यांना ते सांगा. नाकाला पदर लावून लांब उभं राहणाऱ्या गल्लीतल्या विहिरीचं पाणी याच कामावर अवलंबून असतं. पूर्वी हे काम ठरावीक जातींच्या माथी मारलं गेलं, त्याची शरम समाजाची आहे, काम करणाऱ्याची नाही. आणि सोयरिकीच्या वेळी हुद्दा लपवू नका. नेमणूकपत्रावर 'सक्शन वाहन ऑपरेटर' असं लेखी घ्या, पीएफ आणि विम्यासकट.

माणदेशी
तिन्ही प्रश्न लिहून घेतले. उद्या भावाबरोबर मीही जातोय, गाडीत डिटेक्टर आणि आकडा आहे का ते डोळ्यांनी बघून येतो.