केबलचे एचडी की छतावरच्या अँटेनाचे?

राजारामपुरीकर: काल एका सदस्याने येथे लिहिले की अमेरिकेत मुलीच्या घरी साध्या अँटेनावरचे एचडी केबलपेक्षा स्वच्छ दिसते, म्हणून कोल्हापूरकरांनीही केबल तोडून अँटेना बसवावा. हा सल्ला चुकीचा आहे. तेथे प्रत्येक केंद्राला 6 मेगाहर्ट्झची लहरींची पट्टी आणि चित्राच्या माहितीचा सेकंदाला सुमारे 19.4 मेगाबिटचा प्रवाह मिळतो, तर केबल कंपनी तेवढ्याच पट्टीत दोन-तीन एचडी वाहिन्या पुन्हा दाबून बसवू शकते. त्यामुळे तेथे अँटेना सरस ठरतो. आपल्याकडे दूरदर्शनचे जुने ॲनालॉग प्रक्षेपक 2022 पर्यंत बहुतेक बंद झाले आणि डिजिटल भूप्रक्षेपण, म्हणजे जमिनीवरच्या मनोऱ्यावरून अँटेनाला मिळणारे, मुंबईसारख्या मोजक्या शहरांपुरते राहिले. कोल्हापुरात छतावर बसते ती फ्री डिशची, म्हणजे दूरदर्शनच्या फुकट उपग्रह सेवेची छत्री, आणि तिच्यावरच्या बहुतेक वाहिन्या साध्या दर्जाच्या आहेत.

बावडेकर: आकडे आम्हालाही वाचता येतात. माझ्या केबलवाल्याने एचडीचे पैसे घेऊन साधा बॉक्स आणि पिवळी-पांढरी-तांबडी वायर जोडून दिली, आणि तक्रार केल्यावर टीव्हीच जुना असल्याचे सांगितले. शेवटी मी एमपीईजी-4 चा, म्हणजे चित्र दाबण्याची नवी पद्धत समजणारा बॉक्स आणून छत्री बसवली, आणि दूरदर्शनची एचडी वाहिनी इतकी लख्ख दिसली की शेजारीही पाहायला आले. महिन्याचे बिलही नाही.

राजारामपुरीकर: पिवळ्या वायरीतून एचडी येतच नाही. दोष बॉक्सचा आणि वायरीचा आहे. त्याचे खापर केबलवर फोडू नका. डिजिटल संकेत पुरेसा पोहोचला की तारेने आला किंवा आभाळातून आला, चित्र तेच राहते, आणि दर्जा ठरतो तो वाहिनीच्या वाट्याला किती बिट आले त्यावरून.

शिवाजी पेठेतला प्रेक्षक: बिटांचे राहू द्या. जुलैत पावसाची झड लागली की छत्रीवर चौकोन पडतात आणि मग पडदा काळा होतो, कारण छत्रीला उपग्रहावरून येणाऱ्या केयू पट्टीच्या लहरी पावसात क्षीण होतात. शिवाय छत्रपती शाहू स्टेडियमवरचा पेठांचा फुटबॉल छत्रीवर कुठे दिसतो? आमच्या घरी स्थानिक वाहिनीवर सामना लागला की तालमीतली पोरे दारापर्यंत बसतात. त्यासाठीच मी केबल ठेवली आहे.

बावडेकर: त्या सामन्यात चेंडू तरी दिसतो का? खेळाडू धावू लागला की त्याच्यामागे चौकोनांचा फराटा उमटतो. त्यातच 4:3 चे, म्हणजे जुन्या टीव्हीच्या आकाराचे चित्र ताणून पडदा भरतात, त्यामुळे सगळे खेळाडू बुटके आणि रुंद दिसतात. याला एचडीच्या चर्चेत आणणे हास्यास्पद आहे.

शिवाजी पेठेतला प्रेक्षक: तोंड सांभाळून लिहा. आमच्या पेठेचा सामना दाखवायला दिल्लीहून कोणी येत नाही. माझे वडील आजारपणात मैदानावर जाऊ शकत नव्हते, तेव्हा त्यांनी अख्खा हंगाम त्याच अंधुक चित्रावर पाहिला, आणि प्रत्येक खेळाडू ते चालीवरून ओळखत.

राजारामपुरीकर: वडिलांबद्दल मला आदरच आहे, पण फराट्याचे कारण सांगितलेच पाहिजे. गवत, गर्दी आणि वेगाने फिरणारा कॅमेरा यांना सर्वांत जास्त बिट लागतात, आणि स्थानिक वाहिनीच्या वाट्याला ते कमी येत असावेत. वाटा वाढवला, तर याच तारेतून तोच सामना स्वच्छ दिसेल. चित्र ताणले जाते ते मात्र टीव्हीच्या सेटिंगमुळे. ते रिमोटवरून घरबसल्या बदलता येते.

बावडेकर: मग क्रिकेटचे काय? सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानंतर राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्याचे सामायिक प्रक्षेपण, म्हणजे खासगी वाहिनीने दूरदर्शनला वाटून दिलेले, केबलवरच्या दूरदर्शनवर दिसत नाही, फ्री डिशवर मात्र फुकट दिसते.

राजारामपुरीकर: दिसते, हे मान्य. पण तुलना चित्राच्या दर्जाची चालली आहे, आणि तोच सामना केबलवरच्या खासगी क्रीडावाहिनीवर खऱ्या एचडी बॉक्समधून पाहिला तर तुमची छत्री मागे पडेल.

बावडेकर: खरा एचडी बॉक्स मिळाला तर, एवढी अट घालून मी ते मान्य करतो. पावसाचा मुद्दाही खरा आहे. गेल्या श्रावणात माझ्याकडेही पडदा गेला होता. पण एचडीचे पैसे घेणाऱ्याने बॉक्स एचडी चित्र नेणाऱ्या एचडीएमआय वायरीने जोडून, एचडी वाहिनी ग्राहकासमोर लावून दाखवल्याशिवाय पावती फाडू नये, ही माझी मागणी मी सोडणार नाही.

शिवाजी पेठेतला प्रेक्षक: या मागणीवर माझीही सही घ्या. आणि तिच्याखाली स्थानिक वाहिनीला जास्त बिट द्यावेत, हेही लिहा.