सुपरचार्जर बसवल्यावर पाइपात ऑइल येतंय, कॅच कॅन असून

डेट्रॉइटकर: व्ही८ इंजिनला सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप) बसवलाय. परवा थ्रॉटल बॉडीचा पाइप काढून आत बोट फिरवलं तर काळं तेल लागलं. पीसीव्ही लाइनवर (इंजिनातला गॅस परत मॅनिफोल्डमध्ये नेणारी नळी) कॅच कॅन (त्यातलं तेल अडवणारा डबा) आहे तरी असं का? डिपस्टिकपण जरा वर उचललेली दिसते.

घाटातला: भाऊ एक कॅन पुरत नाही. बूस्ट (सुपरचार्जरचा दाब) आला की मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप) दाब, पीसीव्हीचा व्हॉल्व्ह बंद, मग ब्लो-बाय (पिस्टनच्या कडेने खाली निसटणारा गॅस) दुसऱ्या बाजूच्या ब्रीदरमधून (हवा ये-जा करायची नळी) निघतो आणि सुपरचार्जरच्या आधीचा पाइप त्याला तेलासकट ओढून घेतो, तुझा कॅन तेव्हा नुसताच बसून. ब्रीदरलाही कॅन लाव. पण आधी व्हॉल्व्ह काढून मॅनिफोल्डकडून फुंकून बघ, हवा जायला नको. डिपस्टिक उचलली जातेय म्हणजे क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या भागात) प्रेशर साठतंय, हे अंगावर काढू नकोस, सील जातील.

स्पॅनरवाला: +१. कॅनमध्ये बॅफल (आतली आडवी पट्टी) किंवा स्टीलची जाळी हवीच, रिकाम्या डब्यातून तेलाचं धुकं सरळ निघून जातं. तेल जळायला लागलं की नॉकिंग (इंधन अवेळी पेटून ठोके), मग ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, पॉवर गेली. तुमच्याकडच्या थंडीत त्यात दुधाळ चहासारखं पाणी-तेल साठून गोठतं, कॅन वरचेवर रिकामा कर.

डेट्रॉइटकर: फुंकलं, आरपार हवा जाते! व्हॉल्व्हच गेलाय. नवा मागवतोय, ब्रीदरचा कॅनपण. खूप आभार दोघांचे.